हवेतला चौकोन

रविवारी संध्याकाळी आठ वाजून आठ मिनिटांनी, सामन्याचं अडतिसावं मिनिट चालू असताना, रेफरी एमिल होल्त्सर मैदानाच्या मध्यरेषेजवळ खाली बसला. आधी एक गुडघा टेकला, मग हात, मग तो कुशीवर कलंडला. चेंडू त्या वेळी दुसऱ्या टोकाला होता आणि कॅमेरा चेंडूमागे, त्यामुळे हे सगळं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढं दिसलं. खेळाडू पळत राहिले. एकानं चेंडू खांबाबाहेर मारला, डोक्याला हात लावला, दाद मागायला वळला, आणि दाद ज्याच्याकडे मागायची तो माणूस उभा नाही हे त्याला तेव्हा कळलं. तोवर खेळ चालूच होता, कारण तो थांबवायची शिट्टी पडलेल्या माणसाच्या मुठीत होती.

भिवंडीत टेमघरला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, तुळशीरामनं मात्र त्याला पडताना पाहिलं. चेंडू कुठे आहे याची त्याला फारशी खबर नसे. गेली सहा-सात वर्षं तो फुटबॉल बघत होता तो या एकाच माणसाकडे डोळे लावून. तो खुर्चीतून उठला, त्यानं हात डोक्याच्या वर नेला आणि मूठ झटक्यात मिटली. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात या खुणेचा अर्थ 'बंद कर' असा होतो. टीव्हीतल्या कुणीही ते बघितलं नाही. बघितलं ते मागे खाटेवर पडलेल्या माधवीनं, त्याच्या बायकोनं, आणि तिनं डावा हात पांघरुणातून बाहेर काढला.

नंतरचं सगळं नीट, शिस्तीत झालं. डॉक्टर धावले, चार जणांनी आडोसा धरला, स्ट्रेचर आलं. कॅमेऱ्यानं शहाणपणानं प्रेक्षकांकडे तोंड फिरवलं. बाजूला उभा राहणारा चौथा पंच कानात तार खोचत मैदानात आला, त्यानं घड्याळ बघितलं आणि खेळ पुन्हा सुरू केला. एखादा खेळाडू बदलला की त्याचं नाव पडद्यावर येतं, बाण येतात, लाल आणि हिरवा. तुळशीराम बाणांची वाट बघत उभा राहिला. बाण आले नाहीत. नवा माणूस तरणा होता, भराभर पळत होता आणि हात कोपरात वाकवून इशारे करत होता. तुळशीरामला ते पहिल्या मिनिटालाच खटकलं. मुकादम हात नेहमी खांद्यापासून उचलायचा. अख्ख्या मैदानाला दिसेल असा.

मुकादम हे त्यानं दिलेलं नाव. 'एमिल होल्त्सर' हे नाव त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. घरात आणखी एक नाव होतं, 'टकल्या', ते माधवीचं. "अवो, त्या टकल्याला बंद करा नि जेवाया बसा," हे वाक्य या खोलीत इतक्यांदा बोललं गेलं होतं की ते भिंतीच्या रंगात मुरलेलं असावं. तिचा आवाज हा तुळशीरामला नीट ऐकू येणारा जवळजवळ शेवटचा आवाज होता. गणेशपुरीच्या बाजूच्या गावातून सतराव्या वर्षी तो निजामपुऱ्यात लूमवर लागला, आणि लूमनं पहिल्या दहा वर्षांत त्याचा उजवा कान घेतला, पुढच्या वीस वर्षांत डाव्यातलं बरंच. कारखान्यात कुणी कुणाशी तोंडानं बोलतच नसे. बोलून उपयोग नव्हता. एकाच खोलीत चोवीस लूम खटखटत असताना माणूस हातानं बोलायला शिकतो. दोन बोटांची कात्री म्हणजे तार तुटली. ओठांशी अंगठा म्हणजे चहा. पोटावर आडवा हात म्हणजे शेठ आला. आंध्राकडचा, यूपीचा, गावाकडचा, सगळ्यांची भाषा एकच. त्या भाषेत भांडणंसुद्धा होत आणि शिव्याही देता येत. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र तो पुन्हा बहिरा होई. माधवीनं ती भाषा शिकायला साफ नकार दिला होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं तिला खुणेनं चहा मागितला, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "मी काय लूम हाय? तोंडानं बोला." आणि मग त्याला ऐकू जावं म्हणून तिनं आपला आवाज वर्षावर्षानं चढवत नेला. लोकांना वाटे बाई कजाग आहे. वरच्या खोलीतल्या पुतळाबाईला मात्र ठाऊक होतं. "ती भांडत न्हाय," ती नव्या भाडेकरूंना समजावून सांगे, "ती इचारते, भाजी कोनची करू."

लूम भंगारात गेल्यावर तुळशीराम एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन झाला. त्याच सुमारास मुलगा हरेशनं घरात मोठा टीव्ही आणला. हरेश शाळेत असल्यापासून फुटबॉलवेडा. एका रविवारी बाप सहज त्याच्या शेजारी बसला आणि बावीस पोरं एका चेंडूमागे कशाला पळतात हे न कळून कंटाळून उठणार, तोच पडद्यावर एक टकला, उंच, काळ्या शर्टातला माणूस आला. त्याच्या अंगावर आठ जण धावून आले होते. ते ओरडत होते. त्याचा चेहरा मुळीच हलला नाही. त्यानं एक हात उचलला, तळवा त्यांच्याकडे केला, दुसऱ्या हातानं एक जागा दाखवली, आणि आठही जण, कोट्यधीश पोरं ती, मुकाट मागे सरकली. तुळशीराम पुन्हा बसला. पंधरा मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की या माणसाचं सगळं बोलणं आपल्याला कळतंय. चेंडू कुणाचा, चूक कुणाची, चालू द्या, पुरे झालं, पुन्हा केलंस तर बघ. टीव्हीचा आवाज बंद असला काय, चालू असला काय. कारखाना सुटल्यापासून त्याच्याशी इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं.

तिथून ते वेड वाढलं, आणि ते विनोदी आहे हे तुळशीरामलाही ठाऊक होतं. लोक हसले की तोही हसे, पण माघार घेत नसे. गोदामाच्या फाटकाशी टपरीवर बसणारा त्याचा जुना सोबती केसरीनाथ म्हणे, "तुळशा, लग्नाला जाऊन नवरीला सोडून भटजीकडं बघत बसनारा मानूस हायस तू."

"नवरी एकदाच दिसते," तुळशीराम म्हणे. "भटजी दर लग्नाला असतो."

"आरं पन त्यो गोल करत न्हाय!"

"करू देतो ना. तेच अवघड हाय."

त्याचे मुद्दे ठरलेले होते. मुकादम सगळ्यात जास्त पळतो आणि त्याच्या पायाला चेंडू लागला तर लोक चिडतात. तो घामानं निथळतो आणि त्याला पाणी आणून द्यायला कुणी नाही. कुणी सामना जिंकला तर तो जिंकत नाही, कुणी हरला तर मात्र तोच हरतो. हरेशनं फोनवर बघून त्याची जन्मतारीख काढून दिली, तेव्हा तुळशीरामनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. पुतळाबाईनं पेढा तोंडात टाकून विचारलं, "हरेशच्या बायकोला पोरगा झाला?" माधवी आतून ओरडली, "न्हाय गो, जर्मनीत म्हातारा झाला!" दुसऱ्या वर्षी त्यानं निजामपुऱ्यात शर्टावर नावं छापणाऱ्याकडे काळा टीशर्ट नेला. छापणाऱ्यानं नाव वाचलं. "चचा, ये कौन सा प्लेयर है?"

"प्लेयर नहीं. रेफरी है."

"नंबर क्या डालूँ?"

"उसका नंबर नहीं होता."

छापणाऱ्यानं त्याच्याकडे, मग त्याच्या कानातल्या मशीनकडे बघितलं. "बिना नंबर का आदमी," तो म्हणाला, आणि नाव जरा मोठं छापून दिलं. तो टीशर्ट आता धुऊन धुऊन राखाडी झाला होता. या क्षणी तुळशीरामच्या अंगात तोच होता.

पण सगळ्यात मोठी गोष्ट चौकोनाची. एका सामन्यात मुकादमनं पेनल्टी दिली. ठाम, हात खांद्यापासून, नेहमीसारखी. मग त्याच्या कानात काहीतरी बोललं गेलं, तो मैदानाच्या कडेला ठेवलेल्या छोट्या पडद्यापाशी गेला आणि आपलाच निकाल पुन्हा बघू लागला. हजारो लोक उभे होते. तो परत आला, दोन्ही हातांच्या बोटांनी त्यानं हवेत एक चौकोन काढला, आणि पेनल्टी रद्द केली. हरेशनं समजावलं की चौकोन म्हणजे पडदा. पुन्हा बघितलं, माझं चुकलं होतं. तुळशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लोकांसमोर, तोंड न उघडता, मान खाली न घालता माणूस चुकलो म्हणतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा पळायला लागतो, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याच आठवड्यात माधवीशी कशावरून तरी वाजलं. पाण्याच्या मोटरवरून असेल. चूक त्याची होती. संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोटांनी हवेत चौकोन काढला. तिनं लाटणं थांबवलं नाही. "ते काय? पतंग?" हरेशनं हसत अर्थ सांगितला, तेव्हा तिनं पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तोंडानं म्हना. तीस वरसात येकदा म्हना." त्यानं पुन्हा चौकोन काढला. पुढे घरात तो चौकोन बोकाळला. मीठ विसरलं, चौकोन. उशिरा आला, चौकोन. 'चुकलो' हा शब्द मात्र त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. का, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेल्या माणसाला मोठा शब्द बोलायची भीती वाटते, एवढंच त्याला पुसटसं जाणवे. तो बाहेर कसा पडेल, केवढा पडेल, सांगता येत नाही.

दिवाळीनंतर माधवीला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा. ऐकू येत होतं, समजत होतं, डोळे पहिल्यासारखे तिखट होते, पण तोंडातून नुसती हवा येई किंवा गुरगुर. ज्या बाईनं तीस वर्षं नवऱ्यापर्यंत पोचायला आवाज चढवला तिचाच आवाज गेला, आणि ज्या भाषेला ती हसली ती तिला डाव्या हातानं, पन्नाशी उलटल्यावर शिकावी लागली. ओठांशी अंगठा. कात्री. पोटावर आडवा हात. त्यात हळूहळू मुकादमच्या खुणाही मिसळल्या. तिला कूस बदलून हवी असली की ती दिशा दाखवी, हात सरळ, खांद्यापासून. पोळ्या करून द्यायला येणाऱ्या पुतळाबाईनं पोळी जाड केली की माधवी उशाखालचं पिवळं औषधाचं पाकीट काढून रेफरीच्या पिवळ्या कार्डासारखं तिला दाखवी. ते बघून तुळशीराम इतका हसला होता की त्याला खोकला आला. काही आठवडे असे गेले की ते बरे म्हणता येतील. हरेश बदलापूरहून येई, आईच्या उशाशी बसे, आणि विचारी, "बाबा, काय म्हणते ती?" मग तुळशीराम सांगे. आई काय म्हणते हे सांगू शकणारा जगात तो एकटा होता, आणि त्याला याचा अभिमान वाटू लागला होता.

मग गेल्या मंगळवारची दुपार. पाळीवरून येऊन, तिला जेवू घालून, तो आतल्या खोलीत सतरंजीवर झोपला. त्यातल्या त्यात चालणारा डावा कान उशीत दाबला गेलेला होता. मशीन काढून ठेवलेलं. ते नीट बसत नसे आणि शिट्टी मारी. ती शिट्टी त्याला ऐकू येत नसे, बाकी सगळ्यांना येई. माधवी खाटेवरून पडली. पडताना कपाळ खाटेच्या पायाला लागलं. हरेशनं तिच्यासाठी घंटी आणली होती ती खाटेवर राहिली. हाताला लागली पाण्याची वाटी, तीच ती फरशीवर आपटत राहिली. वर पुतळाबाईला आवाज गेला, तिला वाटलं कुणाची पोरं खेळतायत. तुळशीरामला जाग आली ती आवाजानं नाही. कारखान्यात झोपायची सवय असलेल्या माणसाला लूमच्या आवाजात गाढ झोप लागते, लूम थांबले की तो दचकून उठतो, कारण पाठीखालची थरथर थांबते. त्याच्या पाठीखाली फरशी कितीतरी वेळ बारीक थरथरत होती, आणि त्या थरथरीनं त्याला फार चांगली झोप लागली होती. माधवीचा हात दमला, वाटी थांबली, तेव्हा तो उठला. बाहेरच्या खोलीत आला तेव्हा ती गालावर पडून होती, वाटी मुठीत होती आणि कपाळावरचं रक्त सुकलं होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं. कुठलीच खूण केली नाही.

हे त्यानं हरेशला जसंच्या तसं सांगितलं होतं. हरेश शनिवारी संध्याकाळीच आला. तो ओरडला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं असं तुळशीरामला वाटलं. तो समोर येऊन बसला, ओठ दिसतील असं तोंड करून, आणि सावकाश बोलला. बदलापूरला सोसायटीच्या खालीच वाचा शिकवणाऱ्या बाई बसतात. रुचिका, त्याची बायको, घरूनच काम करते, तिची आईसुद्धा असते, कुणी ना कुणी जवळ असेल. एकच खोली आहे, बाबा, नाहीतर तुम्हाला पण चला म्हटलं असतं. तुळशीराम म्हणाला, मला ड्युटी हाय. हरेश म्हणाला, दर रविवारी या. मग म्हणाला, "पण आईला विचारल्याशिवाय नेणार नाही. तुम्हीच विचारा. मला तिचं नीट कळत नाही." आणि आज, सामना सुरू व्हायच्या आधी, तो गोळ्या आणि दूध आणायला बाहेर पडला. जाताना दाराशी आपली मोठी निळी बॅग ठेवून गेला. आईचे कपडे न्यायचे झाले तर म्हणून ती आणली होती.

टीव्हीवर मध्यंतर झालं. मुकादमबद्दल कुणी काही सांगितलं नाही. जाहिरातीत एक बाई कपडे धूत होती. तुळशीरामनं आवाज बंद केला, त्याच्या कानांसाठी हे नुसतं बटण दाबणं होतं, आणि तो खाटेसमोर उभा राहिला. त्यानं उजवा हात खांद्यापासून उचलून दाराकडे, निळ्या बॅगेकडे केला. मग डावा हात उचलून आतल्या खोलीकडे, स्वतःच्या सतरंजीकडे. मग दोन्ही तळवे वर. कुठे?

माधवीनं वेळ घेतला नाही. डावा हात उचलला आणि बॅगेकडे केला.

मग त्याच्या डोक्यात एखाद्या खेळाडूसारखा विचार आला, रेफरीला घेराव घालून हात नाचवणाऱ्या आठांपैकी एकाचा. तिचा डावाच हात चालतो. दार डाव्या बाजूला आहे. उजवीकडे तिला दाखवताच येत नाही, मग ती दाखवणार कुठे? हा निकाल धरता येणार नाही. विचार खोटा आहे हे त्याला त्याच क्षणी माहीत होतं, तरी तो त्याला धरून बसला. तो दाराशी गेला, बॅग उचलली, खाटेला वळसा घालून पलीकडे, तिच्या उजव्या अंगाला ठेवली. स्वतः दाराच्या बाजूला येऊन उभा राहिला. आता डावीकडे तो होता. हात नुसता उचलला असता तरी त्याच्याकडे झाला असता.

त्यानं पुन्हा विचारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं काय केलंय हे तिला समजलं होतं. तिच्या ओठाचा चालणारा कोपरा जरासा हलला. ही तिची पूर्वीची लकब, 'तुमचं डोकं कुठं चालतं ते मला म्हायत हाय' असं म्हणण्याआधीची. मग तिनं डावा हात उचलला, छातीवरून पलीकडे नेला. खांदा खाटेवरून सुटला, मान ताणली गेली, कपाळावरची पट्टी सरकली. पण बोट सरळ होतं. बॅगेकडे. तिनं ते तसंच धरून ठेवलं, त्यानं मान हलवेपर्यंत. मग हात पडला, आणि तिनं तो उचलून त्याच्या दिशेनं केला, तळवा उघडा. ती नुसती मागणी होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. तो गार होता. बोटांच्या टोकांना वाटी आपटून आलेले फोड अजून कडक होते.

हरेश आला तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता. त्यानं चपला काढल्या, बॅग भलत्या जागी बघितली, बापाकडे बघितलं. "विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

तुळशीराम पडद्याकडे बघत होता. नवा तरणा रेफरी कोपरातून हात वाकवत होता. "न्हाय म्हनते," तुळशीराम म्हणाला. "हितंच ऱ्हायाचं म्हनते."

"बरं," हरेश म्हणाला, किंवा ओठ तसे हलले, आणि दुधाची पिशवी घेऊन आत गेला. इतकं सोपं होतं ते. घेराव नाही, आरडाओरडा नाही, कडेला ठेवलेला पडदा नाही. सगळा निकाल एका माणसाच्या तोंडात, आणि त्या माणसावर पोराचा विश्वास. तुळशीरामनं माधवीकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं, तिला सगळं ऐकू जातं. ती बॅगेकडे बोट करेल, उशाखालचं पिवळं पाकीट काढेल, खाटेवर हात आपटेल, असं त्याला वाटलं. मग हरेशला सांगता आलं असतं की पुन्हा विचारू. तिनं काही केलं नाही. ती टीव्ही बघत होती. गेल्या सहा-सात वर्षांत तिनं टकल्याकडे सरळ बघितलेलं त्याला आठवत नव्हतं, आणि आता टकल्या नव्हता तर ती टीव्ही बघत होती. तिचा डावा हात पांघरुणावर पालथा होता, हलत नव्हता. आणि तुळशीरामला पायांखाली फरशी लागली, स्थिर, कसलीच थरथर नसलेली. मंगळवारी ज्या शांततेनं त्याला जाग आली तीच ही होती.

तो आत गेला. हरेश गॅससमोर पाठमोरा उभा होता, दुधावर लक्ष ठेवून. तुळशीरामनं त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले आणि हवेत चौकोन काढला.

"काय?" हरेशनं गॅस बारीक केला. "काय झालं, बाबा?"

त्यानं पुन्हा काढला. मोठा. चारी बाजू नीट.

हरेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच चीड आली. शनिवारपासून जी यायची राहिली होती ती. "खुणा नकोत आता. मला समजत नाही. तोंडानं बोला."

दूध वर येत होतं. तुळशीरामनं तोंड उघडलं. शब्द किती मोठा निघेल याचा त्याला अंदाज नव्हता, आणि तो फारच मोठा निघाला असावा, कारण हरेश एक पाऊल मागे सरला, आणि वर पुतळाबाईच्या खोलीतलं चालणं थांबलं असं तिनं नंतर सांगितलं. "चुकलो," तुळशीराम म्हणाला. "मी चुकलो. जायाचं म्हनते ती. दोनदा इचारलं. दोनदा तेच म्हनली." दूध उतू गेलं. हरेशनं गॅस बंद केला आणि फडकं शोधायला लागला, आणि मिळाल्यावर ते हातात घेऊन नुसता उभा राहिला.

बाहेरच्या खोलीत माधवीनं मान आतल्या दाराकडे वळवली होती. तुळशीराम चौकटीत उभा राहिला. तिचा चेहरा ओला होता, एका बाजूनं हसत होता की काय ते सांगता येत नव्हतं, कारण दुसरी बाजू हलत नव्हती. तिनं तर्जनी उचलली आणि एकदा आपल्या कानाला लावली. ऐकलं.

सोमवारी सकाळी हरेश तिला गाडीनं बदलापूरला घेऊन गेला. निळी बॅग पुरली नाही, एक पिशवी वेगळी करावी लागली. पुतळाबाईनं वाटी धुऊन मांडणीवर उपडी ठेवली. तुळशीराम आता कानात मशीन घालून झोपतो, घरात ऐकण्यासारखं कुणी नसताना. केसरीनाथनं टपरीवर दोन दिवस कसलाही विनोद केला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुजं ते मशीन शिट्टी मारतंय रं," आणि मग त्याचंच त्याला वाईट वाटलं.

गुरुवारी हरेशनं व्हिडिओ कॉल लावला. माधवीला उशा लावून बसवलं होतं, शेजारी त्या शिकवणाऱ्या बाई होत्या. माधवीनं ओठ एकत्र आणले, सोडले. पुन्हा आणले. हरेशनं खाली लिहून पाठवलं की आवाज येतोय, अक्षर आहे की नुसता आवाज ते बाई इतक्यात सांगत नाहीत.

होल्त्सरबद्दल दोन ओळींची बातमी आली आहे. तो शुद्धीवर आहे आणि घरी गेला आहे. या रविवारच्या सामन्यासाठी दुसऱ्याचं नाव लागलं आहे. तो मैदानात परत येईल की नाही, हे लीगनं अजून सांगितलेलं नाही.